ड्रॅग शर्यतीची परिभाषा : यंत्र, प्रेक्षक आणि शब्द

१. विषयप्रवेश

एखाद्या धंद्याची अथवा खेळाची परिभाषा कोण घडवतो, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकापुढे वारंवार येतो. नौकानयनाची परिभाषा खलाशांनी घडवली, विणकामाची विणकरांनी घडवली, असे आपण सहज म्हणतो. कारण काम करणारा तोच बोलणारा, असे त्यात गृहीत धरलेले असते. परंतु जेथे मोजके लोक कृती करतात आणि हजारो लोक ती पाहतात, तेथे हा न्याय लागू पडेलच असे नाही.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जन्मलेल्या ड्रॅग शर्यतीच्या शब्दसंग्रहाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. या खेळातील यंत्रे अत्यंत गुंतागुंतीची आहेत. तरी त्यांची नावे पाहू जाता ती यंत्रज्ञाच्या टिपणवहीतून आलेली दिसत नाहीत. पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून आणि ऐकणाऱ्याच्या कानांतून ती आलेली आहेत. यंत्र कसे चालते हे ती क्वचित सांगतात. ते लोकांना कसे भासले, हे मात्र हमखास सांगतात. याच कारणाने यंत्र पालटले, नियम पालटले, तरी शब्द जागचा हलला नाही, असे या परिभाषेत ठायी ठायी आढळते. शब्दांचा हा हट्ट कोठून येतो, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू होय.

२. शर्यतीचे स्वरूप

ड्रॅग शर्यत ही मोटारशर्यतींतील सर्वांत साधी शर्यत होय. सरळ, सपाट पट्टी. तीवर शेजारी शेजारी उभी असलेली दोन वाहने. स्थिर अवस्थेतून प्रारंभ. आणि परंपरेने पाव मैल, म्हणजे १,३२० फूट अंतर. जो पलीकडची रेषा आधी ओलांडील तो विजयी. वळणे नाहीत, फेऱ्या नाहीत. येथे परीक्षा असते ती वेगापेक्षा वेगवृद्धीची.

मराठी वाचकास हा प्रकार अगदीच अपरिचित वाटू नये. विदर्भातील शंकरपटात दोन जोड्या शेजारून सुटतात, तर पुणे जिल्ह्यातील घाटांत बैलगाडा एकटाच धावतो आणि त्याची ‘बारी’ सेकंदांत मोजली जाते. ड्रॅग शर्यतीत हे दोन्ही प्रकार एकवटले आहेत: प्रतिस्पर्धी शेजारी असतो, आणि घड्याळही चालू असते.

या घड्याळासंबंधी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. वाहनास लागलेला वेळ, ज्याला शौकीन मंडळी ‘ई. टी.’ म्हणतात, तो हिरवा दिवा लागल्यापासून मोजत नाहीत. पुढच्या चाकाने प्रारंभरेषेवरील प्रकाशकिरण सोडला, तेथपासून तो मोजतात. दिवा लागणे आणि चाक हलणे यांमधील अवधी निराळा नोंदवला जातो. समजा, एका वाहनास ४.६० सेकंद लागले व त्याच्या चालकाने सुटावयास ०.०५ सेकंद घेतले, दुसऱ्यास ४.५८ सेकंद लागले, पण सुटावयास ०.१० सेकंद गेले. बेरीज अनुक्रमे ४.६५ व ४.६८ येते. म्हणजे अधिक वेगवान वाहन हरले. अशा विजयास ‘होलशॉट’ म्हणतात. यंत्राच्या गुणाने न मिळालेला, माणसाच्या दक्षतेने मिळालेला विजय, असा अर्थ या एका शब्दात सामावला आहे. आणि तो ऐकताच प्रेक्षागारात जो उल्हास उसळतो, त्यावरून रसिकांना यंत्रापेक्षा कशाचे अधिक कौतुक आहे हे कळून येते.

३. निंदाव्यंजक शब्दाचा उत्कर्ष

या खेळाचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांत आहे. म्यूरॉकसारख्या सरोवरांच्या कठीण, सपाट तळावर जुन्या फोर्ड मोटारी सुधारून पळवण्याचा छंद तेथील तरुणांना १९३० च्या दशकात जडला होता. त्यांच्या मंडळांनी १९३७ साली ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेले, यंत्रकामात तरबेज झालेले तरुण या छंदाकडे मोठ्या संख्येने वळले. सरोवरे दूर होती. रस्ते जवळ होते. साहजिकच शर्यती रस्त्यांवर होऊ लागल्या, अपघात होऊ लागले, आणि वृत्तपत्रांत ‘हॉट रॉड’ हा शब्द उनाड व घातकी मुलांच्या संदर्भात छापला जाऊ लागला.

‘हॉट रॉड’ हे ‘हॉट रोडस्टर’ याचे संक्षिप्त रूप असावे, असे बहुधा सांगितले जाते. इंजिनातील एखाद्या दांड्यावरून ते आले, असेही काही म्हणतात. ‘ड्रॅग’ या शब्दाची स्थिती याहून अवघड आहे. त्याचा वाच्यार्थ ओढणे, फरफटत नेणे. इंग्रजी बोलीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तो ‘रस्ता’ या अर्थानेही आढळतो. गावातील मुख्य रस्त्यावर होणारी ती ड्रॅग शर्यत, असा एक पक्ष. मोटार ओढून बाहेर काढ, अशा आव्हानावरून तो आला, असा दुसरा पक्ष. खालच्याच गिअरात गाडी ताणत नेण्यावरून आला, असा तिसरा. तिन्ही व्युत्पत्ती सांगणाऱ्याला आपापली खात्री असते. परंतु केवळ अर्थ जुळतो म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. त्या अर्थाचा लिखित प्रयोग योग्य काळी व योग्य स्थळी सापडावा लागतो. तोपर्यंत या तिन्ही कथांची गणना लोकव्युत्पत्तीत करणेच युक्त होय.

व्युत्पत्ती संदिग्ध असली तरी पुढील अर्थविकास स्पष्ट आहे. १९४८ च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसन यांनी ‘हॉट रॉड’ याच नावाचे मासिक काढले. पुढे त्याचे संपादक झालेले वॅली पार्क्स यांनी १९५१ साली ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ या संस्थेची स्थापना केली. ज्या शब्दाने समाज आपल्याला नावे ठेवतो, तोच शब्द आपल्या संस्थेच्या नावात घालणे, हे कृत्य केवळ बंडखोरीचे नव्हते. शर्यत रस्त्यावरून उचलून नियम, तपासणी व घड्याळ असलेल्या जागी न्यावयाची आणि त्यायोगे शब्दासही प्रतिष्ठा द्यावयाची, असा तो हेतू होता. भाषाशास्त्रात ज्यास अर्थोत्कर्ष म्हणतात त्याचे हे ठळक उदाहरण होय. सामान्यतः अर्थोत्कर्ष नकळत घडतो, येथे तो जाणूनबुजून घडवला गेला.

१९४९ साली गोलेटा येथे झालेली शर्यत पहिल्या संघटित ड्रॅग शर्यतींत गणली जाते. १९५० साली सांता आना येथील विमानतळावर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५४ साली पार्क्स यांनी चार जणांचे एक पथक देशभर पाठवले. गावोगावच्या पोलिसांना व तरुणांना एकत्र आणून सुरक्षित शर्यत कशी भरवावी, याचे शिक्षण ते देई. हे पथक पुढे ‘सेफ्टी सफारी’ या नावाने प्रसिद्धीस आले. यातील ‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीतून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ अरबी ‘सफर’ हे आहे. आपला ‘सफर’ फारसीच्या वाटेने आलेला त्याचाच भाऊ होय. १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पावसाने ती अपुरी राहिली व त्याच वर्षी ॲरिझोनात पुरी करावी लागली.

युद्धकाळात बांधलेल्या व नंतर ओस पडलेल्या धावपट्ट्या या खेळास फार उपयोगी पडल्या. इंग्लंडमध्ये बेडफर्डशायर परगण्यातील पॉडिंग्टन गावाजवळच्या अशाच विमानतळावर १९६६ साली ‘सांता पॉड’ हे क्रीडास्थळ सुरू झाले. कॅलिफोर्नियातील ‘सांता आना’चा पूर्वार्ध व ‘पॉडिंग्टन’चा पहिला अवयव जोडून हे नाव बनले. ‘सांता’ म्हणजे साध्वी. ‘पॉड’ नावाची कोणी साध्वी झाली नाही. परंतु नाव देणाऱ्यांना धर्म अभिप्रेत नव्हता, तीर्थक्षेत्र अभिप्रेत होते.

४. डोळ्यांनी दिलेली नावे

आता यंत्रांच्या नावांकडे वळू. केवळ या शर्यतीसाठी बांधलेल्या वाहनास ‘ड्रॅगस्टर’ म्हणतात. आरंभी अनावश्यक पत्रा काढून टाकीत टाकीत केवळ दोन लांब दांड्यांचा सांगाडा उरला. पाहणाऱ्यांनी त्यास ‘रेल’, म्हणजे रूळ, असे म्हटले. १९५४ साली मिकी टॉम्पसन यांनी चालकाची बैठक मागच्या आसाच्याही मागे नेली. वजन मागच्या चाकांवर आले की ती जमिनीस घट्ट धरतात, हा त्यामागील हिशेब. परंतु लोकांना हिशेब दिसला नाही; दिसला तो मागे टोकास बसलेला माणूस. गलोलीच्या चामड्यात धरलेल्या खड्याची आठवण होऊन या रचनेस ‘स्लिंगशॉट’, म्हणजे गलोल, हे नाव पडले.

या रचनेत इंजिन चालकाच्या पुढ्यात आणि क्लच व गिअरपेटी त्याच्या पायांच्या मध्ये असे. फ्लोरिडाचे डॉन गार्लिट्स हे या काळातील सर्वांत नामांकित चालक. १९६४ साली ताशी २०० मैलांची मर्यादा अधिकृतपणे ओलांडल्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. आपल्या प्रत्येक वाहनास त्यांनी ‘स्वॉम्प रॅट’, म्हणजे दलदलीतला उंदीर, हे एकच नाव क्रमांक लावून दिले. १९७० च्या मार्चमध्ये लाँग बीचजवळील लायन्स धावपट्टीवर त्यांची गिअरपेटी फुटली, वाहन दुभंगले आणि उजव्या पायाचा पुढचा भाग त्यांना गमवावा लागला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेले वाहन बांधले. असे प्रयत्न पूर्वी झाले होते, पण ती वाहने सरळ धावत नसत. सुकाणूची तीक्ष्णता कमी करताच हा दोष नाहीसा झाला. १९७१ च्या आरंभी पोमोना येथील स्पर्धा त्यांनी या वाहनाने जिंकली, आणि थोड्याच वर्षांत जुनी रचना वरच्या वर्गातून लोपली. तिच्याबरोबर ‘स्लिंगशॉट’ हा शब्दही इतिहासजमा झाला. वस्तू गेली आणि शब्द गेला, असे या परिभाषेत क्वचितच घडते.

याच्या उलट उदाहरण ‘फनी कार’चे. १९६४-६५ च्या सुमारास डॉज व प्लिमथ या नेहमीच्या मोटारींची चाके पुढे सरकवण्यात आली. १९६५ च्या वाहनांत पुढची चाके सुमारे १० इंच व मागची सुमारे १५ इंच पुढे आणली होती. उद्देश पुन्हा तोच: मागच्या चाकांवर अधिक भार. पण परिणामी मोटार अशी दिसे की तिचे अंग चाकांवरून मागे घसरले आहे. लोक हसले आणि म्हणाले, ही गाडी विचित्र दिसते. ‘फनी’ हे विशेषण असे चिकटले. १९६६ साली मर्क्युरी कंपनीच्या कॉमेट मोटारींना एकसंध फायबरग्लासचे, मागे बिजागरी लावून पेटीच्या झाकणासारखे उचलता येणारे आवरण बसवले गेले. पुढे चाके पुन्हा प्रमाणात आली, हसण्यासारखे काही उरले नाही. तरी ‘फनी कार’ हे नियमपुस्तकातील अधिकृत वर्गनाम झाले.

आपल्या साहित्यशास्त्रात लक्षणेची तीन अंगे सांगितली आहेत: मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी योग, आणि रूढी अथवा प्रयोजन. रूढीचे प्रसिद्ध उदाहरण ‘कुशल’ हे होय. कुश नावाचे दर्भ हात न कापता आणणारा तो कुशल. पण आज कुशल वैद्य म्हणताना दर्भ कोणास आठवत नाहीत. ‘फनी’ शब्दाचे नेमके हेच झाले. आरंभी प्रयोजन होते, थट्टेचे; ते सरले आणि रूढी उरली.

५. इंधन, आकडे आणि अर्धा शब्द

सर्वोच्च वर्गाचे नाव ‘टॉप फ्यूएल’ असे आहे. ‘फ्यूएल’ म्हणजे इंधन. मग इतर वर्गांची वाहने काय इंधनावाचून धावतात? याचे उत्तर इतिहासात आहे. १९५० च्या दशकात चालकांनी नायट्रोमिथेन हे द्रव्य जाळावयास प्रारंभ केला. पेट्रोलचा एक भाग जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच प्राणवायू असल्याने त्यास सुमारे १.७ भाग पुरतात. म्हणून तेवढ्याच हवेत आठपटींहून अधिक द्रव्य जाळता येते. वजनास वजन घेतले तर त्यातील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे चौथाईच आहे. तरी गुणाकार करता प्रत्येक स्फोटात दुपटीहून अधिक शक्ती मिळते. यातील धोका व खर्च पाहून १९५७ साली राष्ट्रीय संस्थेने आपल्या स्पर्धांत केवळ पेट्रोलास मुभा ठेवली. इतर धावपट्ट्यांवर नायट्रोमिथेन चालूच राहिले. १९६३ पासून हे बंधन सैल होत गेले. परंतु दरम्यानच्या वर्षांत बोलणाऱ्यांच्या तोंडी दोन पक्ष पडले होते: एक ‘गॅस’, म्हणजे पेट्रोलचा, आणि दुसरा ‘फ्यूएल’, म्हणजे नायट्रोमिथेनचा. ‘मृग’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणताही वन्य पशू, आणि पुढे केवळ हरीण. ‘फ्यूएल’चा अर्थसंकोच याच जातीचा आहे, फरक इतकाच की तो एका दशकात झाला, आणि त्यास कारण झाला एक नियम.

दुसरे उदाहरण इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्राचे, म्हणजे सुपरचार्जरचे. जुन्या काळी शौकिनांनी ते जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनांवरून काढून आणले. त्या इंजिनांस ‘६-७१’ अशी संज्ञा होती: सहा सिलिंडर, प्रत्येकाचे घनफळ ७१ घन इंच. सुपरचार्जरलाही तेच नाव पडले. पुढे शर्यतीसाठीच मोठी यंत्रे बनू लागली, तेव्हा त्यांच्या आकारास अनुसरून नावेही वाढवली गेली. आज वरच्या वर्गात ‘१४-७१’ जातीचे यंत्र वापरतात. मौजेची गोष्ट ही की त्या मालिकेत १४ सिलिंडरांचे डिझेल इंजिन कधी झालेच नाही. सादृश्याने शब्द कसे जन्मतात, हे शिकवताना याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण; येथे सादृश्य अक्षरांत नसून आकड्यांत आहे.

तिसरे उदाहरण ‘हेमी’. क्रायस्लर कंपनीच्या इंजिनातील ज्वलनकक्षाचा आकार अर्धगोलाचा असे. ‘हेमिस्फिअर’, म्हणजे अर्धगोल, याचा पूर्वपद तेवढा राहिला. ग्रीक ‘हेमी’चा अर्थ ‘अर्धा’. म्हणजे गोल गळाला, अर्धा उरला, आणि त्या अर्ध्यानेच सगळा अर्थ पेलला. आजची सर्वोच्च वर्गाची इंजिने १९६४ च्या ४२६ घन इंची हेमीच्या घाटावरच बांधतात. मात्र त्यांचा एकही सुटा भाग कारखान्यातील मोटारीचा नसतो. ५०० घन इंचांचे हे इंजिन ११,००० अश्वशक्तीच्या पलीकडे जाते असे मानतात. त्यास गिअरपेटी नसते. क्लचच्या तबकड्या धावेच्या ओघात क्रमाक्रमाने आवळत जातात. एका धावेनंतर इंजिन सबंध उकलून, झिजलेले भाग बदलून, तासाभरात पुन्हा उभे करावे लागते.

६. दिव्यांचे झाड आणि दिलेला शब्द

पूर्वी शर्यत सोडणारा मनुष्य दोन वाहनांच्या मध्ये उभा राहून निशाण उडवीत असे. त्याच्या खांद्याची हालचाल ओळखणारे चालक लाभात राहत. १९६३ साली त्याच्या जागी दिव्यांचा खांब आला. एका उभ्या खांबावर रंगीत दिव्यांच्या ओळी पाहून लोकांनी त्यास ‘ख्रिसमस ट्री’, म्हणजे नाताळाचे झाड, म्हटले. आता नुसते ‘झाड’ म्हटले तरी पुरते. व्यावसायिक वर्गांत तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा लागतो. त्याआधी सुटणाऱ्यास लाल दिवा मिळतो व तो बाद होतो. या ‘रेड लाइट’ नामापासून इंग्रजीत क्रियापदही झाले. अमुक चालकाने ‘रेड लाइट केले’ म्हणजे तो उतावीळपणाने हरला.

सामान्य शौकिनांची शर्यत मात्र निराळी असते आणि भाषेच्या अभ्यासकास ती सर्वांत विचारप्रवर्तक वाटावी. १९७० च्या दशकात फैलावलेल्या या प्रकारास ‘ब्रॅकेट’ शर्यत म्हणतात. येथे प्रत्येकाने आपल्या वाहनास किती वेळ लागेल ते आधी सांगावयाचे आणि काचेवर लिहावयाचे. एकाने ११.५० लिहिले, दुसऱ्याने १३.०० लिहिले, तर सावकाश वाहनास १.५० सेकंद आधी सोडतात. मग बलाढ्य व दुबळे यांत भेद उरत नाही. पण लबाडाने मुद्दाम अधिक वेळ लिहिला तर? त्यासाठी नियम असा की सांगितल्यापेक्षा कमी वेळात जो पोचेल तो हरला. ११.५० सांगून ११.४७ त धावणाऱ्यास ‘ब्रेकआउट’ झाला असे म्हणतात.

जगातील बहुतेक शर्यतींत अधिक वेग म्हणजे यश. येथे आपल्या विधानाशी खरे राहणे म्हणजे यश. आपले यंत्र, आजची हवा, पट्टीची उष्णता व स्वतःचा स्वभाव यांचे ज्याला यथार्थ ज्ञान आहे, तोच अचूक आकडा लिहू शकतो. दारचीच मोटार घेऊन येणाऱ्या शिक्षकास वा सुतारास या प्रकाराने स्पर्धेत स्थान दिले, आणि लहान गावांतील धावपट्ट्या त्याच्याच आधारावर तगून आहेत.

७. उपनावे, आवाज आणि रसिकसमाज

या खेळात प्रवेशपत्र घेणाऱ्या प्रत्येकास यंत्रे दुरुस्त होतात त्या ‘पिट’मध्ये जाण्याची मोकळीक असते. नायट्रोमिथेनच्या धुराने डोळ्यांतून पाणी येते, कानांत बोळे घालावे लागतात, तरी दोरीपलीकडे गर्दी हटत नाही. पाहणारा व करणारा यांतील अंतर इतके थोडे असल्यामुळेच पाहणाऱ्याने दिलेले नाव करणाऱ्याच्या तोंडी जाते.

१९६० च्या दशकात रेडिओवरील जाहिराती ‘रविवार’ हा शब्द तीन वेळा गर्जून शर्यतीची घोषणा करीत. आज त्या त्रिरुक्तीचा उपयोग इंग्रजीत कोणत्याही भपक्याच्या थट्टेसाठी होतो. डॉन प्रुडोम यांना ‘साप’ म्हणत, म्हणून टॉम मॅकइवेन ‘मुंगूस’ झाले. साप-मुंगसाचे वैर आपल्या भाषेत जसे म्हणीचे, तसे ते तेथे व्यापाराचे झाले: १९७० च्या मोसमात मॅटेल या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने दोघांस आश्रय दिला आणि त्यांच्या फनी कारच्या चिमुकल्या प्रतिकृती मुलांच्या हाती गेल्या. वैर बहुतांशी नावापुरतेच होते. १९७८ साली पुत्रशोकात असलेल्या मॅकइवेन यांनी इंडियानापोलिसच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रुडोम यांनाच अंतिम फेरीत हरवले, तो प्रसंग जुने रसिक विजयापेक्षा स्नेहासाठी आठवतात.

सर्वच उपनावे मानवली असे नाही. शर्ली मल्डाउनी यांना १९७३ साली टॉप फ्यूएल वर्गाचा परवाना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आरंभी त्यांना ‘चा चा’ या नाचऱ्या नावाने पुकारीत. पुढे ते नाव त्यांनी टाकून दिले, आणि १९७७, १९८० व १९८२ अशी तीन अजिंक्यपदे स्वतःच्या नावावर मिळवली. नाव देण्याचा अधिकार प्रेक्षकांचा असला, तरी ते नाकारण्याचा अधिकार माणसास असतो. यंत्रास तो नसतो.

कानांनी दिलेला एक शब्द येथे नोंदवला पाहिजे. मंद गतीवर फिरणाऱ्या नायट्रोमिथेनच्या इंजिनाचा तुटक, कर्कश आवाज म्हणजे ‘कॅकल’. अंडे घातल्यावर कोंबडी जो आवाज करते त्याचे हे इंग्रजी अनुकरणवाचक नाम. जुनी वाहने जपणाऱ्या मंडळींचे मेळावे कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डजवळ भरतात. तेथे ‘कॅकलफेस्ट’ नावाचा प्रकार रूढ झाला आहे. सायंकाळी जुने ड्रॅगस्टर ओळीने उभे करून केवळ सुरू करतात. कोणी धावत नाही, कोणी जिंकत नाही. लोक ऐकतात आणि घरी जातात.

८. पाव मैल

शेवटी या परिभाषेतील सर्वांत पवित्र शब्दाकडे येऊ. पाव मैल ही या खेळाची व्याख्याच होती. ‘तेराशे वीस’ एवढा आकडा उच्चारला की शौकीन एकमेकांस ओळखीत. परंतु यंत्रांची शक्ती वाढत गेली आणि पट्ट्यांची लांबी तेवढीच राहिली. १९८८ साली एडी हिल यांनी पाच सेकंदांच्या आतील पहिली धाव अधिकृतपणे नोंदवली. १९९२ साली केनी बर्नस्टाइन यांनी ताशी ३०० मैल ओलांडले. १९९९ साली टोनी शूमाकर यांनी ३३० ओलांडले. एवढ्या वेगात रेषा ओलांडल्यावर थांबण्यास जागा हवी, आणि जुन्या धावपट्ट्यांपाशी ती नव्हती. २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा यांचे वाहन पट्टीच्या टोकापलीकडे जाऊन त्यांना मृत्यू आला. त्यानंतर काही दिवसांतच टॉप फ्यूएल व फनी कार या वर्गांचे अंतर १,००० फुटांवर आणले गेले. थांबण्यासाठी ३२० फूट अधिक मिळाले. हा बदल प्रथम तात्पुरता म्हणून झाला. तो आजतागायत टिकून आहे.

म्हणजे सर्वोच्च वर्गातील वाहने आता पाव मैल धावत नाहीत. तरी सर्वसामान्य बोलण्यात ड्रॅग शर्यत म्हणजे पाव मैलाचीच. ‘तेल’ म्हणजे तिळाचा रस. पण शेंगदाण्याचे तेल म्हणताना आपणास विसंगती जाणवत नाही, तसेच हे. मात्र येथे एक भेद आहे. काही जुन्या रसिकांना ही विसंगती अजून जाणवते. अंतर कमी करताच जुने व नवे विक्रम ताडून पाहण्याची सोय गेली, असे ते म्हणतात. उलट पक्षी चालकाचा जीव आकड्याहून मोठा आहे, असे इतर म्हणतात. वाद वरवर अंतराचा आहे. वस्तुतः तो एका शब्दाशी किती प्रामाणिक राहावयाचे याचा आहे. एवढे खरे की तो नियम बदलणाऱ्यांनी शब्दाला मुकावे लागेल हे जाणूनच तो बदलला, आणि त्यांचा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी हाती लागतात. (अ) ड्रॅग शर्यतीची परिभाषा मुख्यतः पाहणाऱ्यांनी व ऐकणाऱ्यांनी घडवली आहे; तिच्यात रूपक व अनुकरण यांचे प्राबल्य असून यांत्रिक वर्णन अल्प आहे. (आ) अशा शब्दांचा आधार वस्तूची रचना नसून समाजाची स्मृती असते. म्हणून रचना पालटली तरी शब्द टिकतो. (इ) नियमांतील बदलांचे ठसे शब्दार्थावर स्पष्ट उमटतात, आणि त्यांची वर्षे ठाऊक असल्यामुळे अर्थविकासाची गती मोजता येते. प्राचीन शब्दांच्या बाबतीत ही सोय आपणास क्वचितच लाभते.

या शब्दांना आश्रय देणाऱ्या जागा मात्र कमी होत आहेत. लायन्स धावपट्टी १९७२ च्या डिसेंबरात बंद झाली. इंग्लिशटाउन येथील ड्रॅग शर्यती २०१८ साली थांबल्या. डेन्व्हरजवळील, १९५८ पासून चाललेली बँडिमिअर धावपट्टी २०२३ साली बंद झाली. शहरे वाढतात, जमिनीचे मोल वाढते, आवाजाच्या तक्रारी वाढतात. धावपट्टी गेली म्हणजे तरुणांची हौस जात नाही. ती पुन्हा रस्त्यावर येते, आणि ज्या शब्दास एका पिढीने कष्टाने प्रतिष्ठा मिळवून दिली, तो पुन्हा पोलिसांच्या नोंदवहीत जातो. आपल्याकडेही लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती झाल्या आहेत, तेव्हा हा प्रश्न आपणांस सर्वस्वी परका नाही.

याच संदर्भात एका जवळच्या कार्याकडे लक्ष वेधणे उचित होईल. बैलगाडा शर्यती २०१४ च्या न्यायनिर्णयाने बंद झाल्या, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त सुरू झाल्या आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांविषयीचा कायदा मान्य केला. मधल्या सात वर्षांत घाटांवरील शब्दांचे काय झाले, कोणते टिकले, कोणते नव्याने आले, हे घाटाघाटांवर जाऊन टिपून घेण्यासारखे आहे. ते सांगणारी वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकेल.